तबकडीची रुंदी, पाण्याचा दिवस

शनिवार, २४ ऑगस्ट २०२४, सकाळी आठ. गच्चीवरच्या पर्जन्यमापकातली बाटली बाहेर काढून बाबा तिच्यातले पाणी मोजपात्रात ओतत होते आणि मी जिन्याच्या दाराशी लॅपटॉप मांडीवर घेऊन चार आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. बाबांनी मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरले, काचेला चढलेल्या कडा सोडून पाण्याचा मधला खोलगट भाग पाहिला आणि जिन्यातून खाली हाक दिली, “अडतीस पूर्णांक चार!”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अडतीस पूर्णांक चार. आणि पोहे गार होतायत!”

“पोह्यांची नोंद नसते.”

“मग नोंदच खा आज.”

बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्यातल्या पाण्याची उंची फोनवरून कळवायची, ऐकणाऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणायची आणि परत म्हटल्याशिवाय आकडा पोचला असे धरायचे नाही, ही त्यांच्या नोकरीची शिस्त. निवृत्त झाल्यावर नाशिक रोडच्या घराच्या गच्चीवर त्यांनी पर्जन्यमापक बसवला आणि आकडा परत म्हणण्याचे काम आईकडे आले.

बाबांच्या पावसाच्या वहीशी माझे जुने भांडण आहे. सहावीत असताना आमची सहल सकाळी नऊच्या पावसाने रद्द झाली आणि बाबांच्या वहीत त्या तारखेपुढे शून्य होते. मी रडून सांगितले की तुमची वही खोटे बोलते. बाबांनी शांतपणे समजावले, की पाण्याचा दिवस आठला सुरू होतो. आठ ते आठ पडलेला पाऊस ज्या सकाळी मोजला, त्या सकाळच्या तारखेला लिहायचा. म्हणजे माझी सहल बुडवणारा पाऊस उद्याच्या तारखेत जाणार. आईने त्यात भर घातली, की तिचा दिवस तर सूर्योदयाला सुरू होतो, कारण तिथी उगवत्या सूर्याची धरतात. शाळेचा दिवस मध्यरात्री बदलत असे. एका घरात तीन दिवस नांदत होते आणि मला तिन्ही पाठ होते. दिवस कधी सुरू होतो या विषयावर मला आता कोणी काही शिकवावे अशी गरज उरलेली नाही, असा माझा समज होता.

माझे चार आकडे असे होते: ०.७१, ०.८६, १.१० आणि १.३२. एकक दिवस.

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रस्थानी एक प्रचंड कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. तो भोवती फिरत राहतो आणि त्याची तापलेली, चपटी तबकडी तयार होते. आतला भाग अधिक तप्त असल्याने तो अतिनील प्रकाशात चमकतो, बाहेरचा तुलनेने थंड भाग तांबड्या आणि अवरक्त प्रकाशात. ही तबकडी इतकी दूर असते की साध्या दुर्बिणीतून तिचा नुसता ठिपका दिसतो. तिची रुंदी पट्टी लावून मोजता येत नाही. परंतु केंद्राजवळची चमक सतत कमीजास्त होत असते आणि तो चढउतार प्रकाशाच्या वेगाने बाहेरच्या दिशेने पसरतो. आतला अतिनील भाग आधी उजळतो, बाहेरचा भाग नंतर. दोहोंमध्ये किती वेळ गेला हे मोजले, की अंतर कळते. एक दिवस उशीर म्हणजे सुमारे दोन हजार सहाशे कोटी किलोमीटर.

अतिनील नोंदी एका उपग्रहाच्या होत्या, दृश्य आणि अवरक्त प्रकाशाच्या चार रंगपट्ट्यांमधल्या नोंदी जमिनीवरच्या एका दुर्बिणीच्या. अतिनीलच्या मागे प्रत्येक पट्टा किती दिवस रेंगाळतो, ते हे चार आकडे सांगत होते. शेवटच्या पट्ट्यासाठी सिद्धांताचा अंदाज ०.३५ दिवस होता. माझे मोजमाप त्याच्या पावणेचार पट. तबकड्या सिद्धांतापेक्षा दुप्पट-अडीचपट मोठ्या निघतात हे अनेकांनी पूर्वीच मोजलेले आहे. त्याचे कारण अजून वादात आहे. पावणेचार पट मात्र वाद पेटवणारे होते. सोमवारी सकाळी शोधनिबंध पाठवायचा होता. एका परिषदेत माझे व्याख्यान याच आकड्यावर स्वीकारले गेले होते आणि परदेशातल्या संशोधनवृत्तीच्या अर्जाचे पहिले वाक्यही तेच होते. पीएच.डी.च्या पाच वर्षांत माझ्या हाती आलेली ही एकमेव गोष्ट अशी होती की जिच्यासाठी लोकांनी माझे नाव लक्षात ठेवले असते. तेवढ्यासाठीच शांतपणे शेवटचा हात फिरवायला मी पुण्याहून दहा दिवस घरी आले होते.

अकराच्या सुमारास पाटकरी काका आले. बाबांच्या कालव्यावर चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान फाट्यांना, पाळीपाळीने पाणी सोडण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. निफाडच्या बाजूला त्यांचे घर. नाशिक रोडला काही काम निघाले की पिशवीभर गिलकी किंवा मक्याची कणसे घेऊन आमच्याकडे चहाला थांबतात. त्या दिवशी कणसे होती.

“काय ताई,” पिशवी आईकडे देत ते म्हणाले, “सापडलं का भोक?”

“भोक आधीच सापडलंय काका. त्याच्याभोवतीची तबकडी मोजतेय.”

“मंग दिसती का तबकडी?”

“नाही.”

“दिसत नाय आन मोजती! वहिनी, हिला पोरगा दाखवताना जपून. न बघताच माप सांगंल.”

“सांगू दे,” आई म्हणाली, “बघून सांगितलेली मापं तरी कुठे बरोबर निघतात?” आणि तिने बाबांकडे असे पाहिले की काकांच्या नाकात चहा गेला.

मला हसू आले तरी माझी घाई लपत नव्हती. पण समजावून सांगितल्याशिवाय काका सोडणार नव्हते, म्हणून मी आलेखाची छापील प्रत दिवाणावर पसरली. त्यांना कालव्याच्या भाषेत सांगितले: माथ्याशी गेट उघडले, पाणी पहिल्या चारीला अमुक वेळाने पोचले, शेवटच्या चारीला तमुक वेळाने, पाण्याचा वेग माहीत असेल तर न चालता चारीचे अंतर सांगता येईल. इथे पाण्याऐवजी प्रकाश. आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर उशीर. खालची तुटक रेघ सिद्धांताची, वरचे चार ठिपके माझे.

“म्हंजे सगळ्या चाऱ्यांना पाणी लेट,” काका म्हणाले.

“हो. म्हणजे कालवा लोकांना वाटतो त्याहून लांब आहे.”

बाबांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. त्यांच्या वहीत कायम एक पोलादी पट्टी असते. ती त्यांनी माझ्या चार ठिपक्यांवर तिरकी ठेवली आणि डावीकडे, अतिनीलच्या खुणेपर्यंत, सरकवत नेली. पट्टी शून्याला भेटली नाही. ती अर्ध्या दिवसाच्या खुणेवर थांबली.

“हे कोणतं ठिकाण?” त्यांनी विचारले.

“अतिनील. तिथूनच उशीर मोजायला सुरुवात.”

“म्हणजे गेट. मग गेटपाशी उशीर शून्य हवा ना? तुझ्या ठिपक्यांप्रमाणे पाणी गेटमधूनच अर्धा दिवस उशिरा निघतंय.”

“त्याचं कारण दिलंय बाबा मी. तबकडीबाहेर बराच वायू असतो, तोही उजळतो आणि त्याचा उशीर यात मिसळतो. सव्वा पान लिहिलंय त्यावर.”

हे खोटे नव्हते. असा वायू असतो, आणि तो उशीर वाढवतो हेही खरे. मार्गदर्शक मॅडमनी त्या सव्वा पानाचे कौतुक केले होते.

“सव्वाच?” काका बाबांकडे पाहून हसले. “साहेबांनी माझ्यावर तर चार पानी रिपोर्ट केला होता. तो बी लय शाना होता.”

“तीन पानी,” बाबा म्हणाले.

“जोडपत्र धरून चार.”

ती हकीकत मी लहानपणापासून अर्धवट ऐकली होती. पूर्ण त्या दिवशी ऐकली. मी जन्मण्यापूर्वीच्या एका आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, सगळ्या चाऱ्यांवर पाणी एक दिवस उशिरा पोचले. बाबा तेव्हा नोकरीत नवे होते. माथ्यावरच्या नोंदवहीत सोमवार, पहाटे सहा, गेट उघडले, असे स्पष्ट होते. मग पाणी एक दिवस राहिले कुठे? बाबांनी मोपेडवरून कालवा पालथा घातला आणि तर्क लढवला, की वाटेत कोणीतरी रात्री पाणी वळवले आणि पाटकऱ्याने डोळेझाक केली. तर्क नीट बांधलेला होता. कुठे वळवले, किती वळवले, सगळे जोडपत्रात. काकांची नोकरी जाण्याच्या बेतात आली.

“मंग साहेब एका सकाळी घरी आले,” काका म्हणाले. “मला वाटलं, निलंबनाचा कागद घेऊन आले. हातात हीच पट्टी.”

“गळती असती तर टेलकडे, म्हणजे शेवटाकडे, उशीर वाढत गेला असता,” बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. “पहिल्या चारीला थोडा, शेवटच्या चारीला फार. मी वेळा मांडून पाहिल्या. पहिल्या चारीला एक दिवस जास्त आणि टेललाही एकच दिवस जास्त. गळती वाढत जाते. घड्याळाची चूक वाढत नाही.”

गेट मंगळवारी पहाटे उघडले होते. पण पाण्याचा दिवस आठला बदलतो. पावसाच्या वहीच्या उलट, गेटच्या वहीत आठ ते आठचे पान ज्या सकाळी सुरू होते तिच्या तारखेचे असते; म्हणून सहाची नोंद माथ्यावरच्या माणसाने नियमाप्रमाणे सोमवारच्या पानावर केली होती. ते पान बाबांनी लोकांच्या सोमवारासारखे वाचले. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते आणि काका मधल्यामध्ये चोर ठरत होते.

काकांनी बशीतला उरलेला चहा संपवला, आलेखावर बोट ठेवले आणि सहज विचारले, “ताई, तुझ्या गेटावरचं घड्याळ कोणाचं? आन टेलावरचं कोणाचं?”

“दोन्ही वेगळी आहेत. पण ती जुळवलीत मी.”

“मी बी तेच म्हणलो होतो,” बाबा काकांच्या बोलीत म्हणाले. दोघे हसले. मी आलेख गुंडाळला आणि आत गेले. मला राग आला होता. दोन निवृत्त माणसांनी पट्टी लावून माझ्या पाच वर्षांच्या कामाला हात घातला, याचा तो राग होता असे तेव्हा वाटले. आता वाटते, की पट्टी जिथे थांबली ती जागा मला आधीपासून ठाऊक होती, याचा तो होता. तो अर्धा दिवस मी महिनाभर पाहत होते. चारही ठिपके एकसारखे उचललेले आहेत हे मला दिसले होते, आणि का, असे विचारण्याऐवजी मी त्यासाठी वायू शोधून आणला होता.

खगोलशास्त्रज्ञ तारखा लिहीत नाहीत. दिवसांची सलग मोजणी करतात. तिला ज्युलियन दिनांक म्हणतात. हा दिवस ग्रिनिचच्या मध्यान्हाला सुरू होतो, कारण रात्रभर निरीक्षण करताना मध्येच तारीख बदलू नये, अशी जुन्या युरोपीय निरीक्षकांची सोय. आकडा फार लांबलचक होतो, म्हणून पुढे त्यातून चोवीस लाख आणि वर अर्धा वजा करून दुसरी, आटोपशीर मोजणी आली. त्या अर्ध्यामुळे तिचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. उपग्रहाच्या नोंदी या दुसऱ्या मोजणीत होत्या, दुर्बिणीच्या पहिल्या. दोन्ही फायलींच्या माथ्यावर तसे स्वच्छ लिहिलेले होते. दुर्बिणीचे आकडे उपग्रहाच्या मोजणीत आणणारी ओळ माझी होती, दोन वर्षांपूर्वी घाईत लिहिलेली. ती शोधायला मला चार मिनिटेही लागली नाहीत.

वजा २४०००००.

अर्धा नव्हता.

मी कागदावर वजाबाकी केली. ०.७१ चे ०.२१. ०.८६ चे ०.३६. १.१० चे ०.६०. १.३२ चे ०.८२. नवी रेघ शून्यातून गेली, इतकी नेमकी की मला तिचा तिरस्कार वाटला. ०.८२ भागिले ०.३५: दोन पूर्णांक तीन. सर्वांना मिळते तेच उत्तर. सव्वा पान वायू जागच्या जागी विरला.

अर्धा तास मी काहीही केले नाही. मग जे मनात आले ते इथे लिहायला हवे, कारण नंतर मी त्याहून बरी दिसेन असे सांगण्याचा मोह होतो. मनात आले, की ती ओळ माझ्याखेरीज कोणी वाचलेली नाही. सहलेखकांपैकी कोणी ती उघडणार नाही. सोमवारी निबंध गेला, व्याख्यान झाले, संशोधनवृत्ती मिळाली, आणि वर्षभराने मीच ‘सुधारित विश्लेषण’ प्रसिद्ध केले, तर कोणाचे काय बिघडणार होते? या कल्पनेचा मी पद्धतशीर विचार केला. तिच्यात तार्किक दोष सापडला नाही. फक्त काकांची आठवण झाली. जोडपत्रासकट बांधलेल्या सुंदर तर्कात कोणीतरी बळी जातो. इथे कोणतीतरी तबकडी नाहक रुंद होणार होती आणि तिच्यामागे इतर लोक आपली वर्षे घालणार होते.

बाहेर आले तेव्हा काका निघण्याच्या तयारीत होते.

“अर्धा दिवस,” मी म्हणाले. “घड्याळच होतं.”

काकांनी टोपी नीट केली. त्यांना आनंद झाला नव्हता. “मंग आता?”

“आता कळवावं लागेल सगळ्यांना.”

“लेखी कळव,” ते म्हणाले. “तोंडी सांगितलेलं लोक विसरत्यात. साहेबांनी मला लेखी दिलं होतं. पेटीत हाय अजून.”

बाबांजवळही त्याची कार्यालयीन प्रत होती. ती त्यांनी कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवली आणि कणसे सोलायला बसले. पिवळट कागदावर एकच परिच्छेद: “सदर विलंबास पाटकरी जबाबदार नसून नोंदीचा दिनांक वाचण्यात निम्नस्वाक्षरीकाराकडून चूक झाली आहे. पूर्वीचा अहवाल मागे घेण्यात येत आहे.” खाली सही. क्षमा मागितलेली नव्हती, कारणमीमांसा नव्हती, आपण नवे होतो हेही लिहिलेले नव्हते. इतका उघडा मजकूर मी कोणत्याही संशोधन नियतकालिकात वाचलेला नाही.

मी त्याच साच्यात पत्र लिहिले. सदर विलंबास तबकडी जबाबदार नाही. कालमापन रूपांतरात माझ्याकडून ०.५ दिवसाची चूक झाली आहे. पूर्वीचे आकडे मागे घेत आहे. पूर्ण विश्लेषण पुन्हा चालवायला घेतले असून नवे आकडे आज संध्याकाळी पाठवते. सहलेखकांना एक, परिषदेला एक, संशोधनवृत्तीच्या समितीला एक. तिसऱ्यावर बोट सर्वांत जास्त वेळ थांबले.

मॅडमचा फोन वीस मिनिटांत आला. “सव्वा पान गेलं,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“चांगलं लिहिलं होतंस. त्यामुळेच मी पुढचं विचारलं नाही.” मग त्यांनी विचारले, “पट्ट्यांचा एकमेकांमधला उशीर?”

तो एकाच दुर्बिणीचा, एकाच घड्याळाचा. त्याला धक्का लागला नव्हता. आणि तोही सिद्धांताच्या दोन पूर्णांक तीन पट होता. म्हणजे तबकडी खरोखरच मोठी होती, वायूची मदत न घेता, दोन वेगळ्या वाटांनी मोजूनही तेवढीच. का मोठी, हा प्रश्न जिथे होता तिथेच होता. फक्त माझा गोंगाट त्याच्यावरून उठला होता. पाच वर्षांत प्रथमच मला तो प्रश्न माझ्या अर्जाच्या पहिल्या वाक्याहून मोठा वाटला. मॅडम म्हणाल्या, की सोमवार विसर आणि नीट लिही. ते व्याख्यान पुढे भिंतीवरचे पोस्टर झाले. संशोधनवृत्ती त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली.

दुपारभर प्रोग्राम चालत राहिला. तो नोंदींमधून हजारो वेळा यादृच्छिक निवड करतो, दर वेळी उशीर नव्याने काढतो आणि अखेरीस मध्य आणि त्याची अनिश्चितता सांगतो. निवड बदलते म्हणून शेवटचा अंक जरासा हलू शकतो. काका गेले होते. कणसे उकडून झाली होती. साडेपाचला मी घड्याळ पाहिले: ग्रिनिचला मध्यान्ह, ज्युलियन दिवस बदलला. आमच्या नाशिक रोडच्या गल्लीत त्याची दखल कोणीही घेतली नाही; आई गच्चीवरचे कपडे काढत होती आणि बाबा तिच्यामागून पर्जन्यमापकाचे झाकण तपासत होते.

पडद्यावर शेवटचा पट्टा आला. मी जिन्याच्या तळाशी जाऊन वर हाक दिली, “शून्य पूर्णांक आठ एक!”

कपड्यांच्या आडून आईचा आवाज आला, “शून्य पूर्णांक आठ एक. कशाचं ते?”

“अधिक-उणे किती?” बाबांनी विचारले.

“शून्य पूर्णांक शून्य नऊ.”

“शून्य पूर्णांक शून्य नऊ,” ते म्हणाले.

आकडा पोचला होता. मी माझ्या वहीत शनिवारच्या तारखेपुढे आधी कंसात लिहिले, दिवस कोणता धरला आहे ते. मग शेवटची नोंद केली: ०.८१ ± ०.०९ दिवस.